कॅमेऱ्यामागचा डबा

राणीनं आपल्या ताटातली भाकरी उचलली आणि माझ्या ताटात टाकली. वाढली नाही, टाकली.

"खा. तुला चालती," म्हणाली. "मला पोलीस व्हायचंय."

मेसच्या पत्र्याखाली आम्ही वीस-बावीस पोरी जेवायला बसलो होतो. सगळ्या खिदळल्या. मीही हसले आणि ती भाकरी खाल्ली, कारण पहाटे पाचला उठून मैदानाला बारा चकरा मारलेल्या पोरीला अपमान नंतर कळतो, भूक आधी कळते. राग मात्र पोटात तसाच राहिला. आज आठ वर्षं झाली, अंगावर खाकी आहे, तरी तो राग गेला असं छातीवर हात ठेवून मला सांगता यायचं नाही.

मी विजया टेंगले. राणी हाके माझ्याच गावची, खरसवाडीची. बारावी झाल्यावर लग्नाला नाही म्हणून पोलीस भरतीच्या नादाला लागलेल्या गावातल्या आम्ही दोघीच. तालुक्याच्या गावाबाहेर लवटे सरांची अकॅडमी होती. तिथंच राहायचं, पळायचं, गोळा फेकायचा आणि दुपारी गणितं सोडवायची. निघताना राणीच्या आईनं, तानूकाकूनं, बिरोबाच्या देवळात आम्हा दोघींच्या उजव्या मनगटाला काळा दोरा बांधला. त्यात तिनं मधोमध एक पिवळा धागा ओवला होता, भंडाऱ्याच्या रंगाचा. मला म्हणाली, "विजे, हिच्यावर ध्यान ठेव. हट्टी हाय ती." माझी आई मी नववीत असताना गेली. त्यानंतर तानूकाकूच्या चुलीपुढं बसून मी किती वेळा जेवले असेन, त्याला गणती नाही. हे आधीच सांगून ठेवते, पुढं सांगायची हिंमत राहील न राहील.

आमच्या जिल्ह्यात आमच्या प्रवर्गातल्या मुलींना त्या वर्षी तीन जागा होत्या. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं की वीसपैकी वीस गुण. राणी दोन चव्वेचाळीसमध्ये यायची. मी कितीही जीव काढला तरी दोन अठ्ठावन्न. खरसवाडीत खाकी आली तर ती राणीच्या अंगावर येणार, हे सगळी अकॅडमी धरून चालली होती. मीही धरून चालले होते. पण राणी ते रोज माझ्या तोंडावर मारायची. चक्कर संपवून कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि मी धापा टाकत आले की विचारायची, "आलीस? मला वाटलं जेवायलाच गेलीस." पोरी हसायच्या. ती होती तशी. तिच्यात कष्ट होते, जिद्द होती आणि जिभेला हाड नव्हतं.

त्याच वर्षी लवटे सरांना मोबाईलचा नाद लागला. कुठल्याशा अकॅडमीवाल्यानं रील टाकलं आणि त्याच्याकडं दीडशे पोरं आली, हे त्यांनी ऐकलं होतं. मग एका पावडरवाल्या कंपनीनं सरांकडं खोकी पाठवली: ताकदीची पावडर, वजन उतरवणारी, वेळ कमी करणारी, सगळं एकाच डब्यात. सरांना रीलसाठी एक चेहरा हवा होता. तो मिळाला ऋतुजा जगदाळेचा. ऋतुजाच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता आणि मामा डॉक्टर होता. ती आमच्यासारखी पत्र्याच्या खोलीत राहायची नाही. सकाळी गाडी तिला सोडायची आणि अकराला न्यायची. रंगानं उजळ, केस बांधले तरी सुंदर. आणि शूटिंगचा मोबाईल धरायला सरांनी मला उभी केली, कारण माझा हात हलत नाही. पुढं बंदूक धरायला हाच हात कामी आला.

आठवड्यातून तीन दिवस, मैदान संपलं की ऑफिसच्या मागच्या खोलीत शूटिंग व्हायचं. ऋतुजापुढं एक ताट मांडायचं. ताटात भाकरी, काकडीच्या चकत्या, ताकाचा ग्लास आणि बाजूला पावडरचा डबा, नाव दिसेल असा. ती भाकरी उचलून बाजूला सारायची आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणायची, "मी भाकरी-भात सोडला. पंधरा दिवसांत माझे बारा सेकंद कमी झाले. तुम्ही कधी सोडताय?" बास, एवढंच. चाळीस सेकंदांचा खेळ. पहिलंच रील लाखभर लोकांनी बघितलं, आणि सर त्या दिवशी मेसमध्ये स्वतः जिलबी वाटत फिरले.

ऋतुजा खरं काय खाते ते मला ठाऊक होतं. घरून तिचा चार पुडांचा स्टीलचा डबा यायचा. त्यात चिकन असायचं, चार उकडलेली अंडी, तुपातली पोळी, बदाम. मामानं तिला कागदावर लिहून दिलं होतं, कधी किती खायचं, आणि दर महिन्याला तो तिचं रक्त तपासायचा. तिच्या फोनवर मी असलं एकही रील बघितलं नाही. तिला गरजच नव्हती. ज्यांच्या घरात डॉक्टर आहे ते डॉक्टरला विचारतात. ज्यांच्या घरात फक्त फोन आहे ते फोनला विचारतात. सरांनी मला एकदाच सांगितलं होतं, खोलीतलं खोलीत राहिलं पाहिजे. मी मान हलवली.

राणीचा फोन फुटक्या काचेचा होता. दुपारच्या वेळेला आडवी पडून ती तो नाकाजवळ धरायची आणि ऋतुजाचं रील पुन्हा पुन्हा लावायची. फोनला एकदा कळलं की हिला हे आवडतं, की तो तेच वाढत सुटतो, पुरे म्हटलं तरी. भाकरीनं अंग जड होतं, हरभऱ्यानं पोट फुगतं, अंड्यातलं पिवळं म्हणजे चरबी. कुणी जिममधला, कुणी परदेशातली, कुणी आपल्याच बोलीत बोलणारा. आठ दिवसांत राणी त्यांच्यासारखी बोलायला लागली. अकॅडमीत आम्हाला रोज एक अंडं आणि मूठभर भिजवलेले हरभरे मिळायचे. राणी अंड्यातलं पिवळं काढून ठेवायची आणि हरभरे वाटून टाकायची.

पावडरचा डबा घेणं तिला जमणारं नव्हतं. पण रीलमध्ये दोन गोष्टी होत्या: पावडर घ्या आणि भाकरी सोडा. पहिलीला पैसे लागत होते, दुसरी फुकट होती. राणीनं फुकटची घेतली. माझ्या ताटात भाकरी पडली ती त्या दिवशी.

मेसवाल्या शेवंतामावशीनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी उलथनं घेऊनच उभी राहिली. पळणाऱ्या पोरीनं ताक-काकडीवर राहायचं म्हणजे काय, तिनं तोंड सोडलं. राणी डगमगली नाही. म्हणाली, नवस आहे. बिरोबाला बोललेय, भरती होईपर्यंत धान्य शिवणार नाही. मावशीचा हात खाली आला. आमच्याकडं पोरगी जेवत नाही म्हटलं तर चार जणी तिच्या मागं लागतील, पण पोरीनं देवासाठी सोडलंय म्हटलं की त्याच चार जणी हात जोडतील. मावशीनं त्या दिवसापासून तिला ताकाचा मोठा ग्लास वेगळा काढून ठेवायला सुरुवात केली आणि आग्रह करायचं कायमचं बंद केलं.

ही गोष्ट गावात पोचायला कितीसा वेळ लागणार? रविवारी तानूकाकूचा फोन आला, तो माझ्या फोनवर.

"विजे, खरं सांग. हिनं देवाचं म्हणून सोडलंय, का काही दुसरं हाय?"

राणी समोरच बसली होती. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. विनवणी नव्हती त्यात, दमदाटी होती.

"देवाचंच हाय, काकू," मी म्हटलं.

काकूचा आवाज एकदम ओला झाला. म्हणाली, माझ्या पोरीला एवढी बुद्धी कुठनं आली गं. भरतीच्या दिवशी मी स्वतः येते, पुरणपोळी घेऊन, तिथंच नवस फेडू. फोन ठेवल्यावर राणी म्हणाली, "बरं बोललीस. बाकी तुझं तोंड खायलाच उघडतं."

तिसऱ्या आठवड्यात राणीची वेळ घसरली. दोन चव्वेचाळीसची दोन बावन्न झाली. पायऱ्या चढताना ती कठड्याला धरायला लागली, नखं पांढरी पडली. फोननं त्याचंही उत्तर देऊन ठेवलं होतं: सुरुवातीला थकवा येतो, शरीरातली घाण बाहेर पडत असते, सोडू नका. तिनं सोडलं नाही. आमच्याकडच्या पोरींचं रक्त आधीच कमी असतं; शाळेत तपासणी झाली तेव्हा दोघींनाही लाल गोळ्या दिल्या होत्या आणि दोघींनीही त्या ओढ्यात टाकल्या होत्या. हे मला आठवत होतं. तिलाही आठवत असणार.

माझी वेळ मात्र सुधारत होती. दोन अठ्ठावन्न, दोन पंचावन्न, मग दोन बावन्न. एका सकाळी आम्ही दोघी एकाच वेळी रेषेवर आलो. राणीनं सरांच्या हातातल्या घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय करतीस तू?" तिनं विचारलं. पहिल्यांदाच, चिडवायला नाही, खरंच विचारलं.

"झोप चांगली लागती," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी तिला एकदा म्हटलं, थोडी भाकरी खात जा. म्हटलं म्हणजे काय, दोरीवरचे कपडे काढता काढता पाठमोरी बोलले. ती म्हणाली, "जळतीस तू. मी जड व्हावं म्हणून बसलीस." मला तेवढंच हवं होतं. मी सांगितलं, तिनं ऐकलं नाही, माझं काम झालं. असं मी स्वतःला बजावलं आणि गाढ झोपले.

भरतीला आठ दिवस उरले होते. शेवटचं रील झालं आणि सर फोनवर बोलत बाहेर गेले. ऋतुजा केस सोडत होती. ती थांबली आणि मला म्हणाली, "ती राणी खरंच तसं करतेय का गं? आज मैदानावर बघितलं तिला. माझे मामा म्हणतात असं केलं तर माणूस मरेल. तू तिच्या गावची आहेस ना? सांग तिला, हे सगळं खोटं आहे म्हणून. माझं नाव घेऊन सांग, चालेल."

"सांगते," मी म्हटलं.

आठ दिवस होते हातात. खोली एकच, आमच्या गाद्यांमध्ये हातभर अंतर. मी सांगितलं नाही. सरांची भीती होती असं मी नंतर लोकांना सांगितलं, खोट्यावर खोटं. सर मला काय करणार होते? राणी दोन चौपन्नवर आली होती आणि मी दोन एकोणपन्नासवर. खरं कारण एवढंच होतं.

भरतीचा दिवस. अर्ज आम्ही एकाच सायबर कॅफेत, एकामागोमाग भरले होते, म्हणून छातीवरचे नंबर लागून आले आणि एकाच बॅचमध्ये पळायला लागलो. सकाळचे आठ वाजले होते, ऊन चढलं होतं. मैदानाच्या जाळीबाहेर पालकांची गर्दी होती. त्यात तानूकाकू लांबूनही ओळखू येत होती, डोक्यावर पदर आणि काखेत फडक्यात बांधलेला डबा. चारशेच्या दोन चकरा. शिट्टी झाली आणि राणी सुटली, ती पूर्वीची राणी. पहिली चक्कर ती सगळ्यांच्या पुढं होती. मला क्षणभर वाटलं, ही देवाचीच पोर असली पाहिजे, हिला काहीच होत नाही. आणि वाईट वाटलं. खरं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते, तेव्हा मला वाईट वाटलं.

दुसऱ्या चकरेत, शेवटच्या वळणाच्या थोडं आधी, तिचे पाय फाकायला लागले. ती बाहेरच्या बाजूला भरकटली, परत आत आली आणि गुडघ्यावर बसली. मग आडवी झाली. मी तिच्या मागं पंधरा पावलांवर होते. ती माझ्याच पट्ट्यात पडली होती. थांबलं की शर्यत संपते, पायाला बांधलेली वेळ मोजणारी चिप कुणाची दयामाया करत नाही. राणीचे डोळे उघडे होते. तिनं हात वर केला, कशासाठी ते मला माहीत नाही, आणि मी तिला वळसा घालून गेले. दोन अठ्ठेचाळीस. आयुष्यातली माझी सगळ्यांत चांगली वेळ.

दीड महिन्यानं यादी लागली. आमच्या प्रवर्गात तिसरं नाव माझं होतं. गावानं हलगी लावून मिरवलं, लवटे सरांनी माझा फोटो फलकावर चढवला आणि त्याखाली पावडरच्या डब्याचं चित्र छापलं. मी नको म्हटलं नाही.

पण भरतीच्या दिवसाचं अजून राहिलंय.

राणीला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. गोळाफेक उरकून मी दुपारी तिथं पोचले. डॉक्टरीणबाई तानूकाकूवर तडकल्या होत्या. रक्त सातवर आलंय, पोरीला खायला घालत नव्हता का, वरनं पळवता? काकू पदर तोंडाला लावून एकच सांगत होती, देवाचा उपास होता हो, देवाचा. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. काकूनं माझ्याकडं बघितलं. मी फोनवर काय बोलले होते ते तिलाही आठवत होतं. पण ती साधी बाई, तिनं देवावर संशय घेतला, माझ्यावर घेतला नाही.

राणीच्या हाताला रक्ताची पिशवी लावली होती. दुसऱ्या हातात तो फुटका फोन. मला वाटलं रडत असेल. ती रडत नव्हती.

"ये. बस," म्हणाली. "एक दाखवायचंय तुला."

तिनं ऋतुजाचं पहिलं रील लावलं. तीच काकडी, तेच ताक, तुम्ही कधी सोडताय. ते संपत आलं तसं तिनं अंगठा दाबून थांबवलं. शूटिंग झालं की मी फोन खाली घ्यायचे. बंद व्हायच्या आधी डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ त्यात खालची फरशी आली होती. सरांनी ते तसंच राहू दिलं होतं. रील संपलं की लगेच पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. फरशीवर स्टीलचा डबा उघडा होता. वरच्या पुडात चिकन, शेजारी सोललेली अंडी. आणि त्या पुडात एक हात गेला होता. मनगटावर काळा दोरा, मधोमध पिवळा धागा.

"दोन महिने बघतीय मी हे," राणी म्हणाली. "रोज. ताटच बघत बसले. हात आज दिसला, इथं पडल्यावर."

ऋतुजाला तो डबा संपायचा नाही. सरांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, विजे, वाया घालवू नको, पण इथंच खा, खोलीवर न्यायचा नाही. एका हातात फोन असतानाच माझा दुसरा हात डब्यात गेला होता, एवढी मला घाई. पुढं आठवड्यातून तीन दिवस, दोन महिने, मी त्या खोलीत दाराकडं पाठ करून दोन्ही हातांनी खाल्लं. मग तोंड धुवायचे, मेसमध्ये राणीच्या शेजारी बसायचे आणि तिनं टाकलेली भाकरीही खायचे. चांगली झोप कशानं लागत होती ते आता कळलं असेल.

"मला एकदा म्हणायचं हुतंस," राणी म्हणाली. "डबा दाखवायचा बी नव्हता. नुसतं म्हणायचं, राणे, खोटं हाय."

"सांगितलं होतं. कपडे काढताना—"

"गप."

तानूकाकू तेवढ्यात डॉक्टरीणबाईंशी बोलून आली. तिला यातलं काही कळलं नव्हतं. तिनं फडकं सोडलं, डबा उघडला. पुरणपोळ्या, मध्ये तुपाची वाटी. राणीला म्हणाली, आता सोड बाई उपास, देवाला काय म्हणायचं ते मी म्हणते. राणीनं मान फिरवली.

"तिला दे, आई," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "तिला डब्यातलं लागतं."

काकूला वाटलं पोरगी मैत्रिणीची काळजी करतेय. तिचे डोळे भरून आले. ती माझ्याकडं वळली, म्हणाली, खरंच गं, तू बी पहाटेपास्नं उपाशीच असशील, तुला कोण हाय विचारणारं. आणि तिनं सगळ्यांत वरची पोळी तुपात बुडवून माझ्या उजव्या हातावर ठेवली, दोरा होता त्या हातावर.

मला भूक लागली होती. मी खाल्ली.